लाल फडक्याचं वावर

तुळशीराम : लेकरं माह्या मटरनं नाई बिमार पडली, साहेब. तुमच्या कागदानं पडली.

साहेब : आवाज खाली, तुळशीराम. बाहेर लोक बसलेत.

तुळशीराम : बसू द्या. त्याइले बी आयकू द्या.

(जबलपूर. जानेवारीतला मंगळवार, दुपार. सरकारी ऑफिसातली एक खोली. परवाच्या रविवारी या ऑफिसानं ‘आपलं अन्न कुठून येतं’ या नावाची सहल काढून शहरातली तीसेक कुटुंबं दोन बसमधून तुळशीरामच्या शेतावर नेली होती. टेबलापलीकडे साहेब. अलीकडे तुळशीराम उभा, आणि खुर्चीत नेपियर टाउनच्या विनता. त्यांची नात कालच दवाखान्यातून घरी आली आहे.)

साहेब : विनताताई, पाणी घ्या. हे पहा, बाबू लोकांना मी मुद्दाम बाहेर काढलंय. आपण तिघंही मराठी. घरातली गोष्ट घरातच मिटवू. तुळशीराम, या कागदावर अंगठा... नाही, सही येते ना तुला?

तुळशीराम : अकरावी शिकलो जी. सही बी येते अन् वाचता बी येते. वाचता येते म्हनूनच सही करत नाई.

विनता : काय लिहिलंय त्यात?

साहेब : काही नाही हो. फॉर्मॅलिटी.

तुळशीराम : हिंदीत हाय. मी मराठीत सांगतो, बाई. ‘मी, तुळशीराम वल्द बाबाराव, कबूल करतो की माझ्या शेतात कीटकनाशक मारलेलं होतं अन् ही गोष्ट मी विभागापासून लपवली.’ लपवली! हा एक शब्द पायजे ह्याइले. बाकी सारं पान त्या एका शब्दासाठी टाईप केलं.

विनता : आणि तुम्ही लपवली नव्हती?

तुळशीराम : नव्हती.

विनता : मग माझी नात रविवारी संध्याकाळी काय नाटक करत होती? सात वर्षांची पोर. पोट दाबून वाकली. लाळ थांबेना. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे पाहिले, म्हणाले बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, काय खाल्लं हिनं? मी म्हटलं, शेतावरचा ताजा मटार. ताजा! बसमध्ये टाळ्या वाजवून गाणी म्हणत गेलो होतो आम्ही. आणखी दोन मुलं बसमध्येच ओकली, तेव्हा सगळे म्हणाले, घाटाची वळणं लागली. कुठला घाट? सपाट रस्ता तो.

तुळशीराम : कशी हाय आता?

विनता : बरी आहे. काल वरणभात खाल्ला.

तुळशीराम : खाल्ला ना? बरं झालं. भानुमती, माह्यी बायको, दोन दिसापासून ताटावर बसते अन् उठते. म्हनते, ते पिवळ्या स्वेटरवाली पोरगी माह्या हातचा पराठा खाऊन गेली, माह्याच हातून तं काई झालं नसन? मी म्हनलं, तुह्या हातून नाई.

साहेब : चलो, मुद्द्यावर येऊ. ताई, तुमची तक्रार मी तयार करून ठेवली आहे. शेतकऱ्याच्या निष्काळजीपणामुळे, वगैरे. तुम्ही सही करा, याची सही होईल, याचं नाव आपण यादीतून काढू. आणि विषय संपला.

तुळशीराम : यादीतून काढा नाई तं ठेवा. पन ह्या कागदावर माह्यं नाव गेलं की उद्या मंडईत आडत्या म्हननार, हा तोच, लेकराइले जहर खाऊ घालनारा. माह्या बापानं वर्ध्याकडून इथं येऊन पन्नास वर्सं मटर पिकवला, साहेब. माह्या बापाचं नाव बी हाय ना त्या कागदावर. बाबाराव. दोघाइले एकाच ओळीत मारता तुमी.

विनता : तुम्ही म्हणता लपवली नाही. मग सांगितली कोणाला?

तुळशीराम : ह्याइले.

साहेब : असं काहीही रेकॉर्डवर नाही.

तुळशीराम : तुमच्या रेकॉर्डवर नसन. माह्या मोबाईलवर हाय. हे पाहा बाई, तुमीच पाहा. गुरुवार, सकाळचे दहा चाळीस. साडेतीन मिनिटं बोललो. साडेतीन मिनिटं काय ह्याइच्या तब्येतीचं इचारत होतो काय मी?

विनता : नंबर तुमचाच आहे, साहेब. मला याच नंबरवरून बोलावणं आलं आज.

साहेब : दिवसाला शंभर फोन येतात हो मला.

तुळशीराम : मी सांगतलं, साहेब, शेंगाइले इल्ली लागली, आज पहाटे फवारा मारला. आठ दिस रानात कोनाले आनू नका. तं तुमी काय म्हनले?

साहेब : काय म्हणालो?

तुळशीराम : म्हनले, बॅनर छापून झाला. पाहुने दिल्लीवरून निंगाले. रविवार काई तुह्या इल्लीले इचारून येत नाई.

विनता : असं म्हणालात?

साहेब : अहो, बोलण्याच्या ओघात माणूस... ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. दोन बस ठरलेल्या, मंडप ठरलेला, वरून पाहुणे येणार. एका माणसाच्या अळीसाठी सगळं रद्द करायचं?

तुळशीराम : रद्द नका करू असंच मी म्हनलं मंग. म्हनलं, ठीक हाय, या. विहिरीजवळच्या दोन पट्ट्या म्या फवारल्याच नाई, घरच्यासाठी ठेवल्या. लेकराइले तिकडे न्या. कागद वाटता ना तुमी सहलीच्या लोकाइले, त्याच्यात एक ओळ टाका, की लाल फडकं दिसन त्या वावरातलं तोडू नका, खाऊ नका. मुलाच्या हातानं लिहून पाठोली ओळ. कुठं गेली ते ओळ?

विनता : कागद माझ्या पर्समध्येच आहे. थांबा. हा. ‘शेतकरी हमारा अन्नदाता.’ ‘मिट्टी की खुशबू.’ ‘बच्चे अपने हाथ से मटर तोड़ें, जी भर के खाएँ.’ लाल फडक्याचं काही नाही.

साहेब : ती ओळ वर पाठवली होती. वरून म्हणाले, सहलीच्या कागदावर औषधबिवषध वाचून लोक घाबरतील. निगेटिव्ह वाटतं.

तुळशीराम : आयकलं बाई? सहल काहाची होती? अन्न कुठून येते ते दाखवाची. अन् जिथून येते तेच कापून टाकलं.

विनता : कागद जाऊ दे. तुम्ही तर तिथंच होतात ना? मालक तुम्ही. पोरं शेतात घुसताना दिसली नाहीत? ओरडायचं!

तुळशीराम : कुठं होतो? फाटकावर होतो. डोक्यावर साफा, गळ्यात हार. आमच्या घरात साफा कोनी घालत नाई, बाई. हा ह्याइनं भाड्यानं आनला होता. बैलगाडी बी भाड्याची. मी ट्रॅक्टरवर वावर करतो, तं ट्रॅक्टर गोठ्यामागं लपवाले लावला, म्हने फोटोत चांगला नाई दिसत. बैल शेजारच्या वावरवाल्या नथ्थूचे. त्या बैलाइले गाडीले जुंपाची सवयच नाई, एक तं मंडपात बसून गेला.

विनता : तो बसलेला बैल आठवतो मला. आम्हाला सांगितलं, थकला आहे, पहाटेपासून नांगर ओढलाय.

तुळशीराम : भानुमतीले चुलीसमोर बसोलं. घरात गॅस हाय, दोन सिलिंडर हाय. चूल सुद्धा रातोरात लिंपून घेतली तिच्याकडून. डोळ्यात धूर जाऊन रडत होती तं माईकवाला म्हनते, पाहा, ममतेचे आसू.

विनता : आणि तुम्ही फाटकावरून हलला नाहीत?

तुळशीराम : चाळीस मिनिटं पाहुन्याची गाडी आली नाई. मी तीनदा निंगालो. तीनदा ह्याइच्या मानसानं हाताले धरून उभा केला. लेकरं सडकेकडच्या वावरात शिरताना पायली तं मी बोंबललो, नका तोडू! माईकवाल्यानं माह्या आवाजावर गानं लावलं. मंडप सडकेकडे होता ना. विहीर दूर, तिकडे मंडपात उभं राहून फोटो येत नाई म्हने.

साहेब : झालं तुझं? विनताताई, हा माणूस गोष्टी छान रंगवतो. पण प्रश्न साधा आहे. शेत कोणाचं? याचं. औषध कोणी मारलं? यानं. शेतात धोक्याची पाटी होती? नव्हती.

तुळशीराम : पाटी नव्हती, फडकं होतं. चारी कोपऱ्याले. आमच्या गावात अख्ख्या शिवाराले मालूम हाय. काठी रोवाची, लाल फडकं बांधाचं, म्हनजे इथं औषध मारलं, आठ दिस पाय ठेवू नका. फडकं दिसलं की गावातली लेकरं तिकडे चड्डी सोडाले बी जात नाई.

विनता : काठी... तिच्या बुडाशी दगड होता का? मोठा, गोल?

तुळशीराम : हाव. वाऱ्यानं पडू नये म्हनून.

विनता : सडकेच्या बाजूचा कोपरा. शेजारी झेंडू लावलेला.

तुळशीराम : हाव, भानुमतीनं लावला. काहून जी?

विनता : अच्छा.

साहेब : काय झालं, ताई? बरं वाटत नाही का?

विनता : मी नमस्कार केला त्याला.

तुळशीराम : कोनाले?

विनता : तुमच्या फडक्याला. नर्मदेच्या ग्वारीघाटावर रोज पाहते मी, दगडावर लाल चुनरी, पुढे झेंडूची फुलं. इथं तसंच दिसलं. लाल कापड, गोल दगड, झेंडू. मला वाटलं, शेताच्या राखणीला नर्मदामाई बसवली असेल. चपला काढल्या मी, तुळशीरामजी. नातीला, शरयूला म्हटलं, तूही काढ, जय कर. ‘नर्मदे हर’ म्हणायला लावलं तिला.

तुळशीराम : अरे माय.

विनता : आणि त्या काठीला लागून जो वेल होता ना, त्याच्याच पाच-सहा शेंगा मी स्वतः तोडल्या आणि तिच्या ओंजळीत घातल्या. ती म्हणाली, आजी, घरी जाऊन धुऊन खाऊ? घरात आम्ही तिला तसंच शिकवलंय. मी म्हटलं, प्रसाद धुवायचा नसतो, बेटा. तिनं दाणे खाल्ले आणि सालं चघळली. गोड लागतात म्हणून सालं चघळतेच ती, चोथा होईपर्यंत.

तुळशीराम : औषध सालीवरच असते, बाई.

विनता : हो. आता कळलं.

तुळशीराम : रडू नका.

विनता : रडत नाही मी. घरी मी काय सांगितलं माहीत आहे? सुनेला, मीराला म्हटलं, पोरीनंच तोडल्या, मी लक्ष दिलं नाही म्हणून चुकलं. ‘लक्ष दिलं नाही’ एवढंच कबूल केलं. माझ्या हातानं दिल्या हे नाही सांगितलं. आणि शरयूसुद्धा बोलली नाही. सात वर्षांची पोर मला सांभाळून घेते आहे.

साहेब : ताई... मग आता मामला जरा वेगळा झाला, नाही का? म्हणजे मुलीला शेंगा तुम्हीच दिल्यात. न धुता. उद्या कोणी विचारलं तर तुमचीच पंचाईत. त्यापेक्षा ही तक्रार माझ्याकडे तयार आहे, तीत तुमच्याबद्दल एक अक्षर नाही. सही केलीत की तुम्हीही मोकळ्या.

तुळशीराम : वा साहेब! आत्ता माह्यं नाव होतं, आता बाईले बी खिशात घातलं.

साहेब : तू गप्प बस.

तुळशीराम : काहून बसू? बाईची काय चूक? आमचं फडकं नेपियर टाउनवाल्याले कसं समजन? मी उद्या तुमच्या चौकात येऊन लाल बत्तीचा सिग्नल तोडला तं मले समजून सांगान का नाई कोनी? त्याइनं देव समजून हात जोडले, चोरी नाई केली. समजून सांगाले मी होतो. मले तुमी साफा घालून फाटकावर उभा केला.

विनता : तुळशीरामजी, एक विचारू? खरं सांगाल?

तुळशीराम : इचारा.

विनता : आठ दिवस पाय ठेवायचा नाही म्हणता. मंडईत जो मटार जातो, तो आठ दिवस थांबवता?

साहेब : हां! हे विचारा त्याला.

तुळशीराम : ...नाई.

विनता : किती?

तुळशीराम : भाव चढला असला तं तिसऱ्या दिवशी तोडतो. कधी दुसऱ्या. सारेच तोडतात. शेंग कडक झाली की कोनी घेत नाई, इल्लीचं एक भोक दिसलं तं तुमीच टोपलीत वापस फेकता, बाई. हिरवीगार, चकचकीत पायजे. ते चकचकीत असंच येते. खोटं काहून बोलू? विहिरीजवळच्या दोन पट्ट्या घरच्यासाठी ठेवतो ते काय उगाच? माह्या लेकराइले ते मंडईतलं मी नाई खाऊ घालत.

साहेब : ऐकलंत? स्वतःच्या तोंडानं कबूल केलं! मी हे लिहून घेतो.

तुळशीराम : लिवा. पन सारं लिवा. मी दुसऱ्या दिवशी तोडतो ते लिवा. गुरुवारी दहा चाळीसचा फोन लिवा. ओळ कापली ते लिवा. विहीर सोडून मंडपाच्या बाजूनं लेकरं नेली ते लिवा. ह्या चार गोष्टी एका कागदावर लिवा, मी खाली सही करतो, अंगठा बी देतो, दोन्ही. मंडईनं नाव ठेवलं तं ठेवो. जेवढं माह्यं तेवढं मी घेतो. तुमचं काहून घेऊ?

साहेब : असा कागद या ऑफिसात बनत नाही.

विनता : पेन द्या.

साहेब : हां, घ्या. इथं, खाली. तारीख आजचीच घाला.

विनता : तुमच्या कागदावर नाही. कोरा द्या. हाच चालेल, तुमच्या सहलीचा. मागची बाजू कोरी आहे.

साहेब : ताई, काय करताय?

विनता : लिहिते आहे. बत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं मी. पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिलं की मार्क कापायची. पहिली पायरी : लाल फडक्याला मी देव समजले, शेंगा मी तोडल्या, मी दिल्या, न धुता. विनता, स्वतः. झालं. दुसरी : शेतकऱ्यानं फवारणीचं गुरुवारी फोन करून सांगितलं होतं, फोनवरची नोंद मी डोळ्यांनी पाहिली. तिसरी : त्यानं दिलेली सूचना छापली नाही, हे साहेबांनी माझ्यासमोर कबूल केलं.

साहेब : मी असं काही कबूल...

विनता : ‘वर पाठवली होती’ म्हणालात. शब्द तसेच लिहिलेत. चौथी : तो मंडईसाठी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माल तोडतो. हेही लिहिते, तुळशीरामजी.

तुळशीराम : लिवा. मीच सांगतलं.

विनता : मी रागावले आहे तुमच्यावर.

तुळशीराम : रागवा. तुमचा हक्क हाय.

विनता : आणि भाजीवाल्याकडे भोकाची शेंग बाजूला टाकते मी. तेही लिहायला हवं कुठंतरी. घ्या, वाचा. पटलं तर सही करा.

तुळशीराम : अक्षर चांगलं हाय तुमचं. ‘फवारनी’ नाई, ‘फवारणी’ लिवलं तुमी. द्या पेन.

साहेब : हे पहा, असल्या चिठ्ठ्याचपाट्यांना काही अर्थ... एक मिनिट, फोन. हां भैया, बोलो. हां, दो ही बसें. नहीं नहीं, टाइम वही, आठ बजे, अधारताल से उठानी हैं सवारियाँ. हां, सब फैमिली वाले. खेत वही, नथ्थू का, सड़क से लगा हुआ. मंडप परसों लग जाएगा. चलो, रखता हूँ.

विनता : कुठल्या सवाऱ्या?

साहेब : ते ऑफिसचं काम आहे.

विनता : येत्या रविवारी पुन्हा सहल आहे?

साहेब : कार्यक्रम सहा रविवारांचा आहे, ताई. एका प्रकारामुळे योजना थांबत नसते. आणि या वेळी शेत बदललंय ना.

तुळशीराम : नथ्थूचं? साहेब, नथ्थू आज सकाळी माह्या घरून पंप घेऊन गेला.

विनता : पंप म्हणजे?

तुळशीराम : फवाऱ्याचा. त्याच्या मटरले बी इल्ली हाय. आतापर्यंत मारून झाला असन. मंगळवार ते रविवार, मोजा तुमी. पाच दिस.

साहेब : त्याला मी सांगेन. फोन करून सांगेन. तुम्ही निघा आता.

विनता : त्याला काय सांगाल? त्याला माहीत आहे, त्यानंच मारलंय. बसमध्ये बसणाऱ्यांना कोण सांगणार?

साहेब : सूचना देऊ. योग्य वेळी.

विनता : किती कुटुंबं आहेत?

साहेब : असतील अठ्ठावीस-तीस.

विनता : मुलं किती? फॉर्मवर वय लिहून घेता तुम्ही. मीही लिहिलं होतं, शरयू, सात. नंबरही लिहून घेता. यादी त्या निळ्या फाईलमध्येच असेल ना?

साहेब : ताई, ती यादी अशी कोणालाही देता येत नाही.

विनता : देऊ नका. तुमच्याच हातात ठेवा. मी समोर बसते, तुम्ही एकेक नंबर लावा. मला काही घाई नाही, घरी सून आहे पोरीजवळ. तुळशीरामजी, तुम्हीही खुर्ची घ्या, केव्हाचे उभे आहात.

साहेब : ऑफिसची वेळ पाचपर्यंत आहे.

विनता : आता सव्वातीन झालेत. तीस घरं आहेत, एका घराला दोन मिनिटं. करणार आहात की नाही, साहेब? हो किंवा नाही, एवढंच सांगा.